नियम येईपर्यंत थांबावे का? उद्यमबाग आणि शिनोळी अशा दोन्हीकडे युनिट असलेल्या कारखानदाराच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकात, बेळगावच्या उद्यमबागेत आपली फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशिन शॉप आहे, दुसरे युनिट राज्याच्या हद्दीपलीकडे महाराष्ट्रातील शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि कामगार बेळगाव शहर, खानापूर तालुका व महाराष्ट्रातील चंदगड तालुका अशा तिन्हीकडून येतात. चार कामगार संहिता (वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षा यांविषयीचे केंद्राचे नवे कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या हे आपण वाचले आहे. परंतु आपल्या हिशेबनिसांचा सल्ला असा आहे की राज्याचे नियम पूर्ण होऊन स्थिरावेपर्यंत काहीही बदलू नये. याखेरीज मासिक पाळीची रजा, ठेकेदाराची माणसे आणि प्रशिक्षणाचा बाँड (प्रशिक्षणानंतर ठराविक काळ नोकरी न सोडण्याची लेखी हमी) यांविषयीही आपण विचारले आहे.

पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण उरलेले सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. थांबण्याचा सल्ला चुकीचा आहे. संहितांमधील काही कर्तव्ये नियमांवर अवलंबून आहेत: अमुक नमुन्यातील नोंदवही, अमुक पोर्टलवरील विवरणपत्र, अमुक समितीची रचना. पण वेतन म्हणजे काय, नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब किती दिवसांत द्यायचा, ठराविक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटी केव्हा मिळते, पैसे दिल्याचे सिद्ध कोणी करायचे, हे सर्व कायद्याच्या मूळ कलमांतच लिहिलेले आहे. ती कलमे लागू झाली त्या दिवसापासून देणे सुरू झाले. नियमांबाबतही पोकळी नाही. नव्या कायद्याशी विसंगत नसतील तिथवर जुने नियम चालू राहतील अशी तरतूद संहितांमध्येच आहे. म्हणून नियमांची वाट पाहणाऱ्या मालकाचा वेळ वाचत नाही, त्याच्या नावावर थकबाकी साचत जाते.

आता वेतनाच्या व्याख्येकडे येतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठा बदल हाच आहे आणि आपल्या भागातील पगारपत्रके पाहिली तर सर्वाधिक दुरुस्ती इथेच लागणार आहे. मूळ वेतन कमी ठेवायचे आणि उरलेली रक्कम घरभाडे, प्रवास, विशेष भत्ता अशा नावांखाली वाटायची, ही पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे. भविष्यनिर्वाह निधीपुरता तिला सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालानेच धक्का दिला होता: सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा मूळ वेतनाचाच भाग, असे तेव्हा ठरले. नवी व्याख्या त्याहून पुढे जाते. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि असल्यास राखीव भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगार टिकून राहावा म्हणून दिलेला) हे वेतन. घरभाडे, प्रवास, बोनस, ओव्हरटाइम, कमिशन, निधीतील मालकाचा हिस्सा इत्यादी घटक वगळलेले. मात्र या वगळलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर जितकी अधिक तितकी रक्कम पुन्हा वेतनात मिळवायची.

एक उदाहरण घेऊ. आपल्या मशिन शॉपमधील एका अनुभवी सेटरला महिना ४०,००० रुपये मिळतात. त्यांत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १६,००० आणि इतर भत्ते २४,०००. (गणित सोपे राहावे म्हणून मालकाचा निधीचा हिस्सा इथे बाजूला ठेवला आहे, प्रत्यक्षात तोही वगळलेल्या घटकांत मोजावा लागतो.) निम्मी मर्यादा २०,००० ची, भत्ते तिच्यावर ४,००० ने गेले, म्हणून त्याचे कायदेशीर वेतन १६,००० नसून २०,००० ठरते. हा मनुष्य बारा वर्षांच्या सेवेनंतर बाहेर पडला, तर पूर्वीच्या हिशेबाने ग्रॅच्युइटी सुमारे १,१०,७६९ रुपये झाली असती. आता ती सुमारे १,३८,४६२ रुपये होते. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जात असल्यामुळे मागच्या सर्व वर्षांचा भारही नव्या दराने वाढतो, हे ध्यानात घ्या. ताळेबंदात ग्रॅच्युइटीची तरतूद जुन्याच आकड्यावर उभी असेल, तर लेखापरीक्षकांशी आजच बोलावे लागेल.

भविष्यनिर्वाह निधीबाबत मात्र कामगारांमध्ये विनाकारण घबराट पसरली आहे. निधीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर कापली जात असेल, तर नव्या व्याख्येमुळे हातात येणारा पगार घटत नाही; केंद्रीय श्रम मंत्रालयानेही तसे स्पष्ट केले आहे. सूचनाफलकावर चार ओळी मराठीत लिहून हे सांगितलेत तर पुष्कळ कुजबुज थांबेल. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) परिणाम मात्र उलट दिशेने होऊ शकतो. पूर्वी घरभाड्यासकट बहुतेक सर्व मासिक रक्कम मोजली जाई, म्हणून वरच्या उदाहरणातील सेटर २१,००० च्या मर्यादेबाहेर राहत होता. नव्या व्याख्येच्या शब्दांनुसार त्याचे वेतन २०,००० भरते आणि तो मर्यादेच्या आत येतो. प्रत्येक कामगाराचे नाव या दृष्टीने पुन्हा तपासावे लागेल.

एक गैरसमजही दूर करतो. ‘आता एका वर्षात सगळ्यांना ग्रॅच्युइटी’ असे सर्रास बोलले जाते, ते खरे नाही. कायम कामगाराची पाच वर्षांची अट तशीच आहे. एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क ठराविक मुदतीच्या करारावरील कामगाराला मिळाला आहे, आणि त्याचे वेतन, कामाचे तास व इतर लाभ त्याच कामावरील कायम कामगाराहून कमी ठेवता येत नाहीत. शिवाय कर्नाटकात सक्तीच्या ग्रॅच्युइटी विम्याचे नियम जानेवारी २०२४ पासूनच आहेत. उद्यमबागेच्या युनिटसाठी तो विमा अजून घेतला नसेल तर ते काम सर्वांत आधी उरका.

दुसरा विषय हिशेबाचा. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे कामगाराला काढले, बडतर्फ केले, छाटणीत घालवले, त्याने राजीनामा दिला किंवा कारखाना बंद झाल्याने तो बेकार झाला, तर त्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. मालकाने कामावरून कमी केलेल्यांसाठी अशी मुदत जुन्या कायद्यातही होती. राजीनामा देणाऱ्याचा समावेश हा नवा आहे आणि जुन्या कायद्यातील पगाराची मर्यादाही आता उरलेली नाही. आपल्याकडची रीत अशी आहे की सोडून जाणाऱ्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या पगाराबरोबर, कधी कधी त्याहूनही पुढे ढकलला जातो. त्याला ‘नो ड्यूज’चा कागद हातात देऊन टूल रूम, स्टोअर, कँटीन, पतसंस्था असे फिरवले जाते, एका व्हर्नियर कॅलिपरची नोंद सापडत नाही म्हणून अख्खा पगार पंधरा दिवस अडून राहतो. ही पद्धत आता चालणार नाही. राजीनामा स्वीकारला की शेवटचा दिवस कोणता हे महिनाभर आधी ठाऊक असते. तेव्हा ना-देय कागद नोटिशीच्या शेवटच्या आठवड्यात फिरवून घ्या, हत्यारांची मोजदाद त्याच्या हजेरीत करा, आणि शेवटच्या दिवशी हिशेबाचा तक्ता तयार ठेवा. कायद्याने परवानगी दिलेल्या कपातीच करा आणि त्या पगारपत्रकात कारणासह दाखवा. ग्रॅच्युइटीची तीस दिवसांची मुदत वेगळी आहे, ती या दोन दिवसांत मिसळू नका.

याला जोडूनच पुराव्याची गोष्ट. वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. रोखीने दिलेली उचल, दिवाळीच्या आधी कच्च्या वहीत लिहिलेले आगाऊ पैसे, मुकादमाच्या हाती वाटलेला ओव्हरटाइम, यांतले काहीही सही-शिक्क्याशिवाय असेल तर कायद्याच्या नजरेत ते दिलेच गेले नाही असे समजून चाला. वेतन बँकेतून द्या. ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि स्वतंत्र रकान्यात दाखवा. कमी वेतन दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत तोच गुन्हा पुन्हा घडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कमी वेतनाखेरीज इतर उल्लंघनांत निरीक्षकाने आधी दुरुस्तीची संधी द्यायची आहे, पण ती संधी पहिल्या वेळेची आहे.

नियुक्तिपत्राबाबत फार लिहीत नाही. ज्यांना ते कधीच दिले गेले नव्हते त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे होते, म्हणजे २०२६ च्या फेब्रुवारीत ती मुदत संपली. राहिले असेल तर आज द्या, मागची तारीख घालू नका. मात्र त्यातील मजकुराकडे एका कारणासाठी लक्ष द्या. स्थायी आदेशांचे (कारखान्यातील सेवाशर्तींच्या प्रमाणित नियमांचे) बंधन आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना आहे. आपल्यासारख्या शंभर-सव्वाशे माणसांच्या कारखान्याला ही सूट वाटेल, परंतु गैरवर्तन कशाला म्हणायचे, चौकशी कोणी करायची, निलंबनकाळात निर्वाह भत्ता किती, हे सांगणारा दस्तऐवजच हाताशी राहत नाही, आणि उद्या एखाद्याला बडतर्फ केलेत तर कोणत्या नियमाने केले हे दाखवता येत नाही. आपल्याकडे पूर्वी प्रमाणित झालेले स्थायी आदेश असतील तर ते जपा. नसतील तर सेवाशर्तींची पुस्तिका करून नियुक्तिपत्राला जोडा. कन्नड व इंग्रजी प्रतीबरोबर मराठी प्रतही द्या. चंदगडच्या एखाद्या मोल्डरने न समजणाऱ्या भाषेतील कागदावर केलेली सही आपल्याच बाजूने वापरताना लंगडी पडते.

त्याचप्रमाणे छाटणी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली आहे. याचा अर्थ परवानगीखेरीज काहीच द्यावे लागत नाही असा कोणी घेतला तर तो फसेल. एक महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, आणि त्याशिवाय छाटणी झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्य निधीसाठी आणखी पंधरा दिवसांचे वेतन, हे देणे कायम आहे. वीस किंवा अधिक कामगार असल्यास तक्रार निवारण समितीही हवी.

आता ठेकेदाराची माणसे. आपण लिहिले आहे की फेटलिंग (ओतलेल्या भागावरचा जादा धातू काढणे) आणि कास्टिंगची साफसफाई ठेकेदाराकडे आहे, त्याच्याकडे चाळीसच्या आसपास माणसे आहेत, आणि ठेकेदाराच्या परवान्याची मर्यादा वीसवरून पन्नास माणसांवर गेल्यामुळे आता काळजी नाही असे आपल्याला सांगण्यात आले. परवान्यापुरते ते बरोबर आहे, वेतनापुरते नाही. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी अखेर मूळ मालकावर येते, मग माणसे चाळीस असोत की चार. पन्नासचा आकडा ओलांडलात तर दुसरा प्रश्न उभा राहतो: कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास नव्या संहितेने बंदी घातली आहे. सफाई, सुरक्षा, कँटीन, चढ-उतार, बागकाम यांसारखी कामे मुख्य समजली जात नाहीत, आणि जे काम त्या उद्योगात सर्वसाधारणपणे ठेकेदाराकडूनच होते, ज्याला दिवसाचा बहुतांश वेळ पूर्णवेळ माणूस लागत नाही, किंवा कामाचा बोजा अचानक वाढला आहे, अशा तीन परिस्थितींत मुख्य कामातही अपवाद आहे. फेटलिंग हे फौंड्रीचे मुख्य काम आहे असेच मी धरून चालेन. कास्टिंग फेटलिंगशिवाय गिऱ्हाइकाकडे जातच नाही. आपला बचाव ‘हे काम या धंद्यात ठेकेदारच करतात’ या पहिल्या अपवादावर उभा राहील, आणि तो मांडण्यासाठी जुनी करारपत्रे, बिले व कामाचे आदेश जपून ठेवावे लागतील. मोल्डिंग आणि मेल्टिंगवर मात्र ठेकेदाराची माणसे उभी करू नका.

सीमाभागातील कारखानदारांनी नीट समजून घ्यावी अशी बाब यानंतर येते, आणि तिच्याकडे आपल्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे. कामगार कायदा काम जिथे होते त्या जागेच्या राज्याचा लागतो. मालकाचे कार्यालय कुठे आहे किंवा कामगाराचे आधार कार्ड कुठल्या गावचे आहे याने त्यात फरक पडत नाही. उद्यमबागेतील माणसाला कर्नाटकाचे किमान वेतन, दर १ एप्रिलला बदलणाऱ्या महागाई भत्त्यासह. शिनोळीतील माणसाला महाराष्ट्राचे. कर्नाटकात महिना २५,००० रुपयांखाली व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला १०,००० च्या वर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, आणि स्त्री कामगाराला २५,००० पर्यंत सूट. कर्नाटकाचा कामगार कल्याण निधी वर्षातून एकदा भरायचा, २०२५ पासून कामगाराचे ५० आणि मालकाचे १०० रुपये. महाराष्ट्राचा जून व डिसेंबर असा सहामाही. दोन्ही युनिटांचा पगार एकाच तक्त्यात काढत असाल तर यापैकी एकीकडे चूक झालेलीच असणार. एखादा कामगार महिन्यातले काही दिवस इकडे, काही दिवस तिकडे काम करत असेल तर त्याच्या हजेरीपटात जागा लिहिलीच पाहिजे.

दुसरे असे की, आंतरराज्य स्थलांतरित कामगार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर बिहार-ओडिशाची माणसे येतात. नव्या संहितेच्या व्याख्येत ठेकेदाराने आणलेलेच नव्हे, तर स्वतःहून दुसऱ्या राज्यातून येऊन काम मिळवलेले आणि १८,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगारही बसतात. व्याख्येचे शब्द पाहिले तर चंदगड तालुक्यातून रोज दुचाकीने उद्यमबागेत येणारा हेल्परही तिच्यात येऊ शकतो, आणि बेळगावहून शिनोळीला जाणाराही. अशी दहा किंवा अधिक माणसे असतील तर संहितेतील स्थलांतरित कामगारांविषयीचा भाग आपल्याला लागू होतो. त्यांची स्वतंत्र यादी आजच करून ठेवा. येण्याजाण्याच्या वाटेवरील अपघातही, कामाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाल्यास, नोकरीतील अपघात मानला जाणार आहे. ईएसआयबाहेर असलेल्या माणसांसाठी भरपाईचा विमा आहे का, ते पाहून घ्या.

स्थानिकांना आरक्षण देण्याच्या विधेयकामुळे चंदगडची माणसे ठेवता येतील का, असेही आपण विचारले आहे. कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये व्यवस्थापकीय पदांवर ५० टक्के व इतर पदांवर ७० टक्के स्थानिक उमेदवार घेण्याचे विधेयक मंजूर केले आणि दोनच दिवसांत ते स्थगित ठेवले. त्याचा कायदा झालेला नाही. कामगार महाराष्ट्रातील गावचा आहे एवढ्या कारणाने त्याला नाकारण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही. सुट्ट्यांच्या बाबतीत मात्र काळजी घ्या: कर्नाटकाच्या १९६३ च्या कायद्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांच्याबरोबर १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) ही सक्तीची पगारी सुट्टी आहे. त्या दिवसाविषयी आपल्या भागात भावना काय आहेत हे मी जाणतो, पण नोंदवहीत ती सुट्टीच दिसली पाहिजे, आणि काम करून घेतले असेल तर दुप्पट वेतन किंवा वेतन व बदली सुट्टी.

मासिक पाळीच्या रजेचा कर्नाटक सरकारचा आदेश नोव्हेंबर २०२५ चा आहे. १८ ते ५२ वर्षे वयाच्या स्त्री कामगाराला महिन्याला एक दिवस पगारी रजा, वैद्यकीय दाखला मागायचा नाही, न घेतलेली रजा पुढच्या महिन्यात जात नाही; कायम, कंत्राटी व बाहेरून घेतलेल्या अशा सर्व स्त्रियांना ती लागू. कारखाने, दुकाने, मळे, मोटार वाहतूक यांच्याबरोबर विडी उद्योगही आदेशात असल्याने निपाणीकडील मालकांनाही तो पाळायचा आहे. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सकाळी अंतरिम स्थगिती दिली व त्याच दिवशी ती मागे घेतली. त्या बातमीचा पहिला अर्धा भागच पुष्कळांच्या कानावर गेला, आणि रजा नाकारली गेल्याची उदाहरणे मी पाहिली. ती नाकारू नका. कोअर शॉपमध्ये (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करण्याच्या विभागात) उभ्याने काम करणाऱ्या बायकांना या एका दिवसाचे मोल किती आहे हे त्यांना विचारून पाहा. रजेचा अर्ज पुरुष सुपरवायझरकडे न जाता एखाद्या स्त्री कर्मचाऱ्याकडे जाईल अशी सोय करा. शिनोळीत हा आदेश लागू नाही. तरी एकाच मालकाच्या दोन युनिटांत असा फरक ठेवू नये, असे माझे मत आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दोन्ही ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधासाठी स्वतंत्र अंतर्गत समिती मात्र कायद्यानेच हवी.

शेवटी बाँड. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तिथे सार्वजनिक बँकेच्या भरतीप्रक्रियेचा खर्च आणि अधिकाऱ्याचे वरचे पद या गोष्टी विचारात घेतल्या गेल्या. सीएनसी ऑपरेटरला दोन आठवडे मशिनजवळ उभे करून दोन लाखांचा बाँड लिहून घेतलात तर या निकालाचा आधार मिळणार नाही; प्रत्यक्ष खर्च किती, बाहेर पाठवून कोणते प्रशिक्षण दिले, आणि रक्कम सेवेच्या महिन्यांप्रमाणे कशी घटत जाते, हे मसुद्यात आकड्यांनी दिसले पाहिजे. वादासाठी कोणते न्यायालय हेही लिहिता येते, कारण एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या निकालाने नोकरीच्या करारातील तशी अट मान्य केली आहे. पण निवडलेल्या न्यायालयाला मुळात अधिकारक्षेत्र असले पाहिजे. औद्योगिक विवाद मात्र कामाच्या जागेप्रमाणेच जाईल: उद्यमबागेचा वर गेलाच तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे, शिनोळीचा मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. बाँडची हमी म्हणून मुलांची मूळ आयटीआय प्रमाणपत्रे आपल्याकडे ठेवली असल्याचे आपण लिहिले आहे. ती पोच घेऊन परत करा, आणि त्यानंतर बाँडचा मसुदा माझ्याकडे पाठवा.